तेरा

रीगात पाली नसतात. एवढ्या थंडीत कोण राहील.
तरी मादाराच्या मनात एक चुकचुकते
पहाटे चारच्या सुमाराला,
ट्राम सुरू व्हायच्या आधी.

काल फार काही घडलं नव्हतं.
संगीतशाळेतल्या जुन्या पियानोची तार
तिच्या हातून तुटली. टण्.
विस्वाल्डिस म्हणाला, "तुटतात,"
आणि पेटीतून दुसरी काढली.

पण अंथरुणात ती तार अजून तुटतेच आहे.
तुटली म्हणजे हात जड,
हात जड म्हणजे हे काम आपलं नाही,
विद्यापीठ सोडलं तसं हेही सुटणार,
आई फोनवर "असू दे" म्हणणार, त्या आवाजात,
मग तिशी, मग कुणीच नाही,
मग चौथ्या मजल्यावरची एकटी म्हातारी
जिचं टपाल पेटीबाहेर ओसंडतंय.
एका तारेपासून तिथवर
अकरा मिनिटं. घड्याळ साक्षीला.

सकाळी विस्वाल्डिस एकाच सुराच्या दोन तारा वाजवतो.
वँव… वँव… वँव…
मधे काहीतरी हेलकावतंय, पाण्यावरच्या होडीसारखं.
तिचा हात लगेच किल्लीकडे.
"थांब. आधी ऐक."
"वाईट आहे."
"वाईट का, ते नाही विचारलं. किती?"
ती कान देते. "सेकंदाला दोन."
"हां."
आणि तो चहा ओततो, जणू निम्मं काम झालं.

नंतर, टोपी चढवता चढवता, सांगतो:
सगळे सूर शुद्ध लावत गेलीस ना,
तर उरलेली चूक शेवटच्या जोडीत साठते
आणि लांडग्यासारखी ओरडते.
म्हणून आपण ती बारा घरांत वाटून टाकतो.
थोडी थोडी. कुणालाच फार नाही.
(मादाराला हे पटतं की नाही, कळत नाही.
ती नमद्याच्या पट्ट्या गुंडाळत असते.)

दुसऱ्या पहाटे पाल पुन्हा.
हात जड: एक.
हेही सुटणार: दोन.
रेडिएटरची नळी खाकरते. पायाला पाय गार लागतो.
तीन… आणि मोजणं कुठेतरी निसटतं,
ती थेट चौथ्या मजल्यावर, टपालाच्या ढिगापाशी.
तिथून परत यायला वेळ लागतो.
खाली पहिली ट्राम वळणावर किरकिरते,
अर्धा सूर उतरलेली.

ती घड्याळ बघते. तेरा मिनिटं.
कालच्यापेक्षा दोन जास्त.
वाईट आहे, म्हणायला तोंड उघडते,
आणि मग अंधारात नुसतंच म्हणते,
तेरा.