आधी नाक

पहिल्या दिवशी लुओ श्यूझेननं
माझ्या हातात लायटर ठेवला. म्हणाली,
हातमोजे नंतर. आधी नाक.

तुकडा पक्कडीत धरायचा, कोपरा पेटवायचा,
फुंकरीनं विझवायचा,
आणि धूर सरळ व्हायच्या आत एक निसटता श्वास.
एकच. दुसरा घेतलास तर रात्रभर डोकं ठणकेल.

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला तर डावी टोपली.
केस जळल्यासारखा आला तर नायलॉन.
डोळ्यांतून पाणी काढलं तर पीव्हीसी,
त्याच्याशी वाद घालू नकोस, फेक.
आणि झेंडू चुरगळल्यासारखा आला
तर समज, टीव्हीचं पाठाड.

झेंडू?
गुईयूच्या या गल्लीत, जिथं नाल्यालासुद्धा
शाईचा रंग?
हो, झेंडू, म्हणाली. आमच्या हुनानला बांधावर असायचा.

संध्याकाळी मिठाच्या पाण्याची टाकी.
मीठ पुरलं का ते बघायला ती अंडं सोडायची,
लोणच्याच्या बरणीत तिची आई सोडायची तसं.
चुरा ओतला की हलकं वर येतं.
आग लागू नये म्हणून ज्याला औषध पाजलंय
ते जड होऊन तळ गाठतं.
तळातलं वेगळं ठेवायचं, असा नियम.
तपासणीवाला येऊन गेला की मालक गुओ
दोन्ही पोती एकाच गिरणीत रिकामी करतो.
काळ्यात काळं. कोण बघतंय?

सहाव्या वर्षी तिच्या टोपल्या चुकायला लागल्या.
मी गुपचूप इकडचं तिकडे करायचे.
कांदा कापताना तिला काही झोंबत नव्हतं
हे दोघींनाही माहीत होतं.

नववर्षाच्या आदल्या आठवड्यात, बाजारात,
लेकीच्या नव्या घरासाठी तिनं एक उलथनं निवडलं.
काळंभोर, हलकं, चार युआन.
दुकानदार पाठमोरा होता.
तिनं दांड्याचं टोक पेटवलं, विझवलं,
आणि माझ्या नाकाशी धरलं.
तू सांग.

दुकानदार ओरडत आला.
मी काहीच बोलले नाही,
पण तिनं माझं तोंड वाचलं असणार.

आपल्याच शेडमधलं, म्हणाली, जरा हसली,
जळकं टोक बाहीला पुसून
उलथनं होतं त्या खिळ्याला अडकवलं
आणि जळल्या टोकाचे चार युआन मोजून दिले.