आतली कडी

स्टेशनकडून काळ्या घोड्याकडे जाताना
सेव-उसळीच्या लारीमागे आमचं शौचालय.
टेबलाशी मी. अकरा वर्षं झाली.
गिऱ्हाईक मासी म्हणतं.
घरी नातू म्हणतो, आजी, तुला माशी म्हणतात,
आणि हात हलवून मला उडवून लावतो.

पुरुषांना उभ्याने फुकट.
बायकांना पाच रुपये.
असं का, म्हणून मी एकदा ठेकेदाराला विचारलं.
तो म्हणाला, मासी, ते दरवाजाचे पैसे.

थंडीत एक मुलगी आली, ऋजुता पोतनीस, फाइन आर्ट्सची,
बोटं काळी, काखेत कागदाची गुंडाळी.
म्हणाली, मला तुमचे दरवाजे हवेत.
काढून नेणार?
नाही, म्हणाली, आतून कागद लावणार, वरून शिसं घासणार,
जे कोरलंय ते उमटेल.
मी म्हटलं, आधी पाच रुपये.

आठवडाभर घासत होती.
बायकांच्या दारांवर काय उमटलं?
खिळे. ओढणीचा, पिशवीचा, एक नुसताच वाकलेला.
कडीची भोकं चार ठिकाणी,
कडी निखळत गेली तशी वर वर सरकलेली.
एक हिशेब : दूध, रिक्षा, दूध.
आणि खाली, बसल्यावर हात पोचतो तिथे,
नखाच्या रेघा, दाट.
पुरुषांच्या दारावर नंबर, बाण, बायका.
मला ठाऊकच होतं, पुसते मीच.
ती मात्र मान खाली घालून वाचत राहिली,
तिनेच लिहिल्यासारखी.

मग म्हणाली, आणि ही झाडूची खोली?
म्हटलं, ही नाही.

तिथे रोज दुपारी हेमल येतं.
मोबाइल कव्हरच्या दुकानात कामाला, वय विशीचं.
पुरुषांकडे गेलं तर शिट्ट्या,
बायकांकडे गेलं तर ओरडा.
पहिल्या उन्हाळ्यात ते पाणीच पीत नव्हतं,
ओठांची सालं निघालेली.
खोलीत एक फुटकं भांडं होतं, बंद केलेलं.
मी बादल्या बाहेर काढल्या,
पांढऱ्या सिमेंटने भांडं सांधलं,
सुताराकडून पितळी कडी मारून घेतली.
ठेकेदाराला म्हटलं, झाडू चोरीला जातात.
झाडूच्या खोलीला आतून कडी कशाला,
हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आला म्हणू की आली, मी विचारलं नाही.
आपल्यात लेकरू आलं म्हणता येतं,
गुजरातीतसुद्धा छोकरुं आव्युं.
दोन्ही भाषांत जागा होती.
इमारतीत नव्हती.

मार्चात कॉलेजचं प्रदर्शन. मी ठेवणीतली साडी नेसून गेले.
भिंतीवर आमचे दरवाजे, करडे, काचेत.
लोक हातात चहाचे कप घेऊन
डोळे बारीक करून बघत होते,
नाकाला रुमाल कुणाच्याच नाही.
मधोमध प्लायची एक खोली.
पाटी नाही. आत एका वेळी एकानेच जायचं.
ऋजुता कानाशी म्हणाली, मासी,
ही तुमची झाडूची. तुम्ही दाखवली नाहीत,
मग मी मनानेच बांधली.

आत गेले. कडी लावली.
पुसायला काही नव्हतं.
एक स्टूल, वर जरा उजेड.

आमच्या घरी सहा माणसं, एक मोरी, मोरीला पडदा.
बाळंतपणातसुद्धा मी त्या पडद्यामागे
खोकत राहायची, मी आहे, मी आहे, असं.
इथे खोकावं लागलं नाही.

बाहेरून कुणीतरी टकटक केलं.
अकरा वर्षं मीच करत आले,
चला, चला, लाइन आहे.
मी ओ दिली नाही.
अजून थोडी बसले.

निघताना सवयीने चौकटीशी पाच रुपये ठेवले.
दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते म्हणे,
लोक वाकून वाकून बघत होते.