तिसरा पुकारा

झगा अंगात घाल, ब्रायनी. बाह्या लांब आहेत, दुमड.
माझ्या आधीचा पट्टेवाला सहा फुटी होता,
झगा त्याच्याच मापाचा राहिला.

हातोडा शोधू नकोस.
पहिल्या दिवशी सगळे हातोडाच शोधतात.
इंग्लंडच्या कोर्टात तो कधी नव्हताच,
सिनेमावाल्यांनी परमुलखातून आणला
आणि परत न्यायला विसरले.
घोड्याच्या केसांचे टोपही इथे नाहीत.
ते प्रेस्टनला, मोठ्या कोर्टात. तिथे बाराजण बसतात,
मतदारयादीतून उचललेले, घड्याळाकडे बघणारे.

आपल्या बॅरोत तीनच खुर्च्या.
मधली मिसेस रिग यांची. चाळीस वर्षं शाळेत जेवण वाढलं,
दुसऱ्यांदा पुडिंग मागायला कोण आलंय
ते चेहऱ्यावरून ओळखतात.
डावीकडे मिस्टर हडल्स्टन, पाणबुड्यांवरचे वेल्डर,
एका कानानं ठार बहिरे.
उजवीकडे मेंढ्यांची डॉक्टर.
कायद्याची परीक्षा तिघांपैकी एकानंही दिलेली नाही.
पगारही नाही. बसभाडं मिळतं.

कायदा बसतो त्यांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी.
मिस्टर ऑग्डेन. कलमं तोंडपाठ, डबा रोज अंड्याचा.
ज्याला कळतं त्यानं ठरवायचं नाही,
ज्यांनी ठरवायचं त्यांनी त्याला विचारायचं.

हसू नकोस. मीही हसले होते.
मग एका मंगळवारी एक पोरगा पिंजऱ्यात आला, काचेपलीकडे,
आणि मिसेस रिग उठल्या.
म्हणाल्या, याला मी सहा वर्षं वाढलंय.
एवढंच. जाऊन कॉफीच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या,
नाणं हातात धरून, मशीनमध्ये न टाकता.
मधली खुर्ची रिकामी. उरलेल्या दोघांनी काम संपवलं.
तेव्हापासून मी हसत नाही.
फारशी.

वाकायचं ते भिंतीला.
वरचा सिंह आणि तो एकशिंगी घोडा दिसतोय ना, त्यांना.
सिंहाचं एक नख गेल्या रंगकामात उडालं.
खाली बसलेल्या माणसाला वाकायचं नाही,
हे ध्यानात ठेव. ज्या दिवशी तो माणूस
तुला आवडणार नाही, त्या दिवशी बरं पडतं.

शपथेची पुस्तकं या खणात. कुराण कापडात असतं,
कापडासकट पुढे कर.
ज्यांचा कशावरच विश्वास नाही त्यांच्यासाठी ते कार्ड.
तेच सगळ्यात मळलंय.

आता यादी.
सातवा: डेक्लन कॅसन, वय एकोणीस,
बंद पडलेल्या लाँड्रीतले तांब्याचे पाइप.
दहा वाजून गेले. बाकांवर नाही.

तर बाहेर जायचं आणि नाव पुकारायचं.
पहिल्यांदा या पॅसेजमध्ये.
दुसऱ्यांदा रॅम्पवर, जिथे सिगारेटी ओढतात.
(कोर्टाची पायरी कुणी चढू नये म्हणतात;
आमची पायरीच काढली, चाकाच्या खुर्च्या येतात म्हणून.)
तिसऱ्यांदा पुन्हा दाराशी. त्यानंतर वॉरंट.

तीनदाच का? मिस्टर ऑग्डेनना विचारलं मी.
म्हणाले, रिवाज.
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे किती वेळ जावा
ते मी विचारलं नाही.
तूही विचारू नकोस.

तेवढ्यात खाली जा. पुरुषांच्या टॉयलेटचं दार ठोठाव.
बहुतेक तिथेच असतात, आईनं इस्त्री केलेल्या शर्टात,
बेसिनवर ओणवे.
पाणी दे, कागदी टॉवेल दे. काय होईल म्हणून विचारेल;
ते तुला ठाऊक नाही, आणि खरंच ठाऊक नाही.
टाय वाकडा असेल. हात लावू नकोस.

मग वर ये, आणि तो तुझ्या खांद्याशी उभा असला तरी
तिसऱ्यांदा पुकार,
पूर्ण नावानं,
मिस्टर हडल्स्टनना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.