खानाची दाढी

माशेलच्या जत्रेत, देवळामागच्या खोलीत
दत्ताराम खानाला दाढी चिकटवत होता
तेव्हा पाहुणा दारात चपला काढून उभा.

सियामक. जन्म रश्तचा, घर टोरांटोत.
पणजीच्या महोत्सवात त्याचा सिनेमा होता;
तिथून पायलटच्या मागे बसून
बाणस्तारीचा पूल ओलांडून आलेला.

म्हणाला, कॅनडात पहिली सात वर्षं
मी नुसता ओलीस धरणारा.
एकदा तर तिसऱ्याच मिनिटाला मेलो.
आईनं रश्तहून फोन केला:
आधी जेवला तरी होतास का?
मग नाटकं. म्हातारे राजे, एक आंधळा घड्याळजी,
बाहेर बर्फ, आत बावीस माणसं.

आम्हाला काय सुचणार?
दत्तारामनं गोंदाचा ब्रश पुढं केला.
खानाचा उरलेला गाल त्यानं चिकटवला,
सवयीच्या हातानं.

तिसरी घंटा. खान गरजला,
"खबरदार! दरवाजा बंद!"
विंगेत सियामक दचकला.
खबरदार, तो पुटपुटला. दरवाजा.
हे तर घरचे.
मग बोटानं दाखवत: चेहरा? आवाज?
आम्ही माना हलवत राहिलो
चोरी पकडल्यासारख्या.

पहाटे शेवटच्या अंकाला
दोरीवरचा पोर झोपलेला.
मी नुसतं म्हटलं, पडदा.
पुढचं सांगावं लागलं नाही.