पाऊण इंच

हत्तुरे सर चित्र घेऊन आले, जुन्या टॉवेलात गुंडाळून.
साधी काच नको म्हणाले, चकाकते.
एचिंग आहे: तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओढलेलं,
आम्लात बुडवून छापलेलं, अठराशे एकोणऐंशीचं.
खाली साहेबाची सही
आणि तिरक्या अक्षरांत, शोलापूर, एक नेटिव्ह.

मागे किल्ल्याचा बुरूज, तळं,
लांब गिरणीची नवी चिमणी, धुरासकट.
पुढे माग, आणि मागावर एक माणूस
कमरेपर्यंत जमिनीत.

सर सांगू लागले, मी फुटपट्टी खाली ठेवली.
"अर्धा पुरलेला देश आहे हा.
दुष्काळ नुकताच सरलाय, खड्डा म्हणजे कबर.
धोटा डाव्या हातात, म्हणजे काळच उलटा.
आणि चिमणी..."
चिमणीचा अर्थ त्यांनी बोटानं हवेतच काढला.

बाकावर अंबादास चिलवेरी बसलेले.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केली त्यांनी,
मोर त्यांना भोकांवरून ओळखू येतो.
खिशातली धागे मोजायची काच काढली,
चित्रावर ठेवली, डोळा लावला.
चहा निवला.

"पुरलेला कुठं ओ सर, खड्डामाग आहे की.
पाय खाली पावड्यांवर आहेत.
माझा आजा असाच बसायचा, थंडीत ऊब लागते म्हणायचा.
आणि डावरा नाही हा. छापलं की उलटं होतं.
तळं बघा, किल्ल्याच्या भलत्याच बाजूला गेलंय."

"मग कबर गेली," सर म्हणाले, जरा हिरमुसून.

"जाईल कशाला? ताणा बघा.
साहेबानं तार न् तार मोजून ओढलीय.
बाणा एकही नाही.
विणायला बसलाय, विणलेलं बोटभर नाही.
सूत संपलं असेल,
नाहीतर साहेब म्हणाला असेल, हलू नको."

मी काच मागून घेतली.
उजव्या कडेला, कागद पिवळा पडलाय तिथं,
पाच-सहा रेघा. आधी डाग वाटला.
रहाट. रहाटामागे गुडघा. एक हात.
तोंडाच्या जागी कोरा कागद.
तिथं आम्ल पोचलं नाही,
किंवा साहेबाच्या जेवणाची वेळ झाली.

"रचनेचा तोल," सर म्हणाले.
"कांड्या भरतीय," चिलवेरी म्हणाले, "हिच्याशिवाय धोटा रिकामा."
मी काही म्हटलं नाही.
आईच्या अंगठ्याला घळ पडली होती,
सूत जाऊन जाऊन, आम्लाशिवाय.

माउंटची खूण सरांनीच करून आणली होती,
पेन्सिलीनं, चारी बाजूंनी सारखी.
त्यात ती झाकली जात होती.
मी उजवीकडे खिडकी पाऊण इंच वाढवून कापली,
त्याचे पैसे लावले नाहीत.

काल सरांचा फोन आला.
भिंतीवर चित्र एका बाजूला सरकल्यासारखं वाटतं,
दुरुस्त होईल का?

म्हटलं, होईल की.
या एकदा. चिलवेरींची काच मागून ठेवतो.