अंबाडीत भांग

भाद्रपद सरत आला होता.
विजापूर रस्त्यावरच्या चौकीतून निरोप आला:
झाडपाल्यातलं कळणारं कुणीतरी हवंय.
रविवारी फोन उचलणारी मी एकटीच निघाले असेन.

फरशीवर पोतं पसरलेलं,
त्यावर चोवीस रोपं, मुळांसकट,
काळी माती अजून ओली.
"पान बघा मॅडम," हवालदार गवसाने म्हणाले,
"हाताचा पंजा. मोबाइलमध्ये हुबेहूब हेच."
बाकावर गंगव्वा बिराजदार, मंद्रूपकडची,
कानानं अधू,
पदराचं टोक दातांत धरून बसलेली.

मी एका देठावरून बोट फिरवलं.
बारीक काटे.
पंजा होता खरा, पण बोटं तळाशी जुळलेली,
आणि पानं एक इकडं, एक तिकडं,
माडीच्या जिन्यासारखी.
मग मी एक पान तोडून चावलं.
"अहो मॅडम, मुद्देमाल!"

आंबट.
कण्या घालून, वरून लसणाची फोडणी,
इतकं ओळखीचं आंबट.
अंबाडी, मी लिहिलं. नग एकवीस.
गवसाने जरा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिले.

उरली तीन.
त्यांना काटे नव्हते. वास होता,
आणि पानाची बोटं थेट देठापर्यंत सुटी सुटी.
एक उंच, किडकिडीत.
एक बुटकं, रुंद खांद्यांचं.
एक वीतभर, घाईघाईनं फुलून बसलेलं.
वर्गात मी यांची तीन घराणी सांगते,
फळ्यावर तीन रकाने पाडते,
मैदानातलं, डोंगरातलं, थंडीतलं,
आणि पोरं ते जसंच्या तसं उतरवून घेतात.
इथं फरशीवर तर ती सख्खी भावंडं वाटत होती:
एकाला ऊन मिळालं, एकाचा शेंडा कोंबडीनं खुडला,
एक मोरीच्या पाण्यावर जगलं.
रकाना कुठं पाडू?

एवढं मात्र नक्की, की उंच तो नर.
हलवला तर पिवळी भुकटी माझ्या बाहीवर सांडली.
त्याचं काम झालेलं, तो आता वाळणार.
बुटकी ती मादी, शेंड्याला पांढऱ्या केसांचे झुबके,
आणि कायद्याची नजर आधी त्या शेंड्यावरच जाते.

सूत म्हणे नराचं मऊ निघतं.
आमच्या नानांच्या मागावर एकदा नमुन्याला आलं होतं,
कुठल्याशा पहाडातनं, भांगेचं म्हणून.
शेजारचे मागवाले हुंगून हसले.
नानांनी चिमटीत धरून पीळ बघितला, म्हणाले,
"ताठ आहे. दोन धुण्यांत ऐकेल."
चादर काही झाली नाही. ऑर्डरच आली नाही पुढं.

"तुळशीत भांग ऐकलं होतं," गवसाने म्हणाले,
"हे अंबाडीत."
"हो, भांग," मी म्हणाले, जरा मोठ्यानं, तिला कळावं म्हणून.

गंगव्वाचा हात डोक्याकडं गेला.
पदर मागं सारून
तिनं आपला भांग चाचपून बघितला,
वाकडा झाला की काय.
पांढऱ्या केसांतली ती सरळ, कोरी वाट.
चौकीत कुणी हसलं नाही.

मग खुणांनी, ओरडून, सगळं निघालं:
नातवाचा पोपट मेला,
त्याच्या डब्यातले उरलेले दाणे तिनं परसात उधळले,
पाखरं तरी खातील म्हणून.
"मी पेरलं न्हाई बाई. सांडलं."

पंचनाम्यात "लागवड करणार" पुढं
गवसान्यांचं पेन थांबलं ते थांबलंच.
मी माझी सही केली. त्यांची बाकी होती.

तिला फक्त एकवीस रोपं परत हवी होती.
पाला मलूल झालेला. "आता ह्ये कोण घेणार?"
मी दोन जुड्या घेतल्या. एक गवसान्यांनी,
खिशातलं पाकीट लपवत काढून.

घरी साबणानं चार वेळा हात धुतले,
चीक जाईना.
शेवटी शेंगदाण्याच्या तेलानं निघाला,
अन् त्याच हातांनी मी अंबाडी निवडायला बसले.