पांढरं लाकूड

टिंबर मार्केटात करवतीचा पट्टा फिरायच्या आधी
दहा मिनिटं शांतता असते.
तेवढ्यात मी उदबत्ती लावते, वही उघडते,
काल किती घनफूट साग गेला, किती आंबा, ते मांडते.

त्या दहा मिनिटांत विमल मगदूम आल्या,
कागलहून, टेम्पोत देव्हारा घालून.
देव वेगळ्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेले.

"पीठ पडतंय ह्यातनं.
रोज पहाटे, देवांच्या पायाशी, मैद्यासारखं.
सासूबाई आठ दिवस अंगारा म्हणून कपाळाला लावत हुत्या.
गल्लीतल्या बायकाबी पुडीत बांधून न्यायला लागल्या.
मग एकीनं चष्मा लावून बघितलं."

हिंदुराव सुतार हसले नाहीत.
बोटांची पेरं कळसापासून पाटापर्यंत वाजवत गेले,
आवाज बद्द झाला तिथं थांबले.
राळ्याच्या दाण्याएवढी भोकं. ओळीनं नव्हेत, कशीही.

"मेडिकलमधनं सुई आणली," बाई म्हणाल्या,
"एकेका भोकात रॉकेल मारलं.
एक किडा मेला न्हाई."

"मरंल कसा?
ही भोकं बाहेर पडल्याची हायत, ताई.
तुम्ही रॉकेल घातलं ते घर रिकामं हुतं."

"मग आत कधी गेला?"

करवत सुरू झाली.
हिंदुरावांचे ओठ हलले, ऐकू काही आलं नाही.
मला ठाऊक होतं.
मागच्या पत्र्याखाली, दोन उन्हाळ्यांपूर्वी,
आंब्याच्या फळीच्या नसांत कुणा भुंग्याच्या मादीनं
अंडी सोडली असणार.
गाभा तिला नको असतो.
तिला कडेचं पांढरं हवं,
झाडानं पुढच्या बहराला ठेवलेली साखर जिथं अडकून राहते.
त्या दसऱ्याला ऑर्डरी फार होत्या.
हिंदुरावांनी तेच पांढरं कापलं,
वर अक्रोडी पॉलिशचे दोन हात.
आणि बिलात "अस्सल गाभा" असं लिहिलंय
ते अक्षर माझं.

"पंधरा दिवसांत नवा देतो. सागाचा. पैसं नगो,"
एवढंच ते म्हणाले, बाईंकडे न बघता.
"जुना जाळू नका," बाई म्हणाल्या, "देव बसलेत त्यात."

म्हणून तो आता माझ्या टेबलाशेजारी.
कळसावर गिरणीचा भुसा, पायाशी त्याचं स्वतःचं पीठ.
दोन्ही ओळखायला यायला लागलीत.
करवतीचं खरबरीत, नाकात चुरचुरणारं.
त्याचं इतकं मऊ
की बोटाला लागलंय का, ते डोळ्यांनी बघावं लागतं.

सकाळी त्या दहा मिनिटांत कान लावते.
कधी काही ऐकू आलेलं नाही.
मग भोकं मोजते,
वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं मालक कधी पोचत नाहीत,
आकडा टाकते.
सोमवारी एकेचाळीस. आज चव्वेचाळीस.

हिंदुराव रंधा घेऊन जाताना विचारतात, "किती?"
मी खरा आकडा सांगते.